सीट पुन्हा पुन्हा खाली बसते? जुन्या सायकलच्या फ्रेमला नेमक्या मापाची सीट पोस्ट कशी शोधायची

जुनी सायकल रोज चालवणाऱ्यांची एक तक्रार कायमची आहे. सीट टिकत नाही. सकाळी हवी तेवढी वर घेऊन नट गच्च आवळावा आणि निम्म्या वाटेत गुडघे जास्त वाकायला लागावेत. उतरून बघावं तर सीट दोन बोटं खाली. मेकॅनिककडे नेली की तो पान्याला पाइप लावून आणखी आवळून देतो. थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. असं करता करता एक दिवस बोल्ट तुटतो, नाहीतर फ्रेमच्या लगचा (नळ्या जिथे जोडतात त्या तोटीचा) कान वाकतो. बोल्ट कुठेही मिळतो. लग चिरला तर मात्र नीट ब्रेझिंग (पितळ वितळवून जोड) करणारा माणूस शोधत गावभर फिरावं लागतं.

हे जरा पोटतिडकीनं लिहितोय, कारण चांगल्या फ्रेम एवढ्या एका गोष्टीपायी भंगारात गेलेल्या पाहिल्या आहेत. सारख्या खाली बसणाऱ्या सीटचा दोष बहुतेक वेळा बोल्टचा नसतोच. पोस्ट, म्हणजे सीट पेलणारी आणि फ्रेममध्ये शिरणारी नळी (दुकानात हिलाच सीट पिलर किंवा नुसतं पिलर म्हणतात), त्या फ्रेमच्या मापाची नसते. फरक असतो ०.२ किंवा ०.४ मिलिमीटरचा. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही, आणि दुकानदार 'बसतेय की' म्हणून पोस्ट हातात देतो.

आधी बघा नक्की काय सरकतंय

पोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरते, तिथे लगच्या लगेच वर इन्सुलेशन टेपची एक पट्टी गुंडाळा. टेपच्या खालच्या कडेपासून वर सीटपर्यंत पोस्टवर मार्करनं एक उभी रेघ ओढा. तशीच रेघ लगवरही, अगदी समोरासमोर. मग नेहमीच्या रस्त्यानं एक फेरी मारून या.

टेप लगवर येऊन गोळा झाली असेल तर पोस्ट खाली सरकतेय. टेप जागच्या जागी आहे, पण दोन रेघा समोरासमोर राहिल्या नाहीत, तर पोस्ट गोल फिरतेय. हाही मापाचाच प्रश्न. टेप आणि रेघा दोन्ही जागेवर आहेत आणि तरी सीट हलते किंवा तिचं नाक खाली-वर होतं, तर पोस्टला हात लावू नका. तो सीटच्या क्लॅम्पचा दोष आहे. जुन्या रोडस्टर, म्हणजे साध्या, रोजच्या वापराच्या सायकलींत पोस्टचं वरचं टोक साधं सरळ, ७/८ इंच म्हणजे २२.२ मिलिमीटरचं असतं आणि सीट आपल्या क्लॅम्पनं त्याला पकडते. त्या क्लॅम्पच्या चकत्यांवरचे दाते झिजले की कितीही आवळा, सीट झुकतेच. क्लॅम्प बदला, प्रश्न मिटला.

पुढचं सगळं पोस्ट सरकते किंवा फिरते अशा सायकलींसाठी.

फ्रेमची खाच काय सांगते

मोजमापाची हत्यारं काढण्याआधी सायकलच्या मागे उकिडवे बसा आणि सीटखालची खाच नीट बघा. सीटच्या नळीला मागच्या बाजूनं उभा काप असतो. त्याच्या दोन्ही कडांना कान असतात आणि त्या कानांतून बोल्ट जातो. बोल्ट आवळलेला असताना हा काप वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा दिसायला हवा. कडा समांतर असतील तर पोस्ट बहुधा बरोबर मापाची आहे.

काप वर अरुंद आणि खाली रुंद दिसला, म्हणजे दोन्ही कान वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेले दिसले, तर पोस्ट बारीक आहे. पोकळ जागा भरून काढायला फ्रेमला वाकावं लागलंय. उलट काप वर फाकलेला असेल तर कोणीतरी कधीतरी जाडी पोस्ट ठोकून बसवली होती. तिसरी आणि सगळ्यात वाईट अवस्था म्हणजे दोन्ही कान एकमेकांना टेकलेले. कान टेकले की बोल्टचा सगळा जोर कानांवर जातो आणि पोस्टवर काहीच येत नाही. मग वर मोठा माणूस उभा राहून पाना ओढू दे, सीट खाली बसणारच.

आता पोस्ट बाहेर काढा आणि तिच्यावरचे ओरखडे बघा. नीट बसणाऱ्या पोस्टवर घासल्याच्या खुणा सगळीकडून आणि बऱ्याच लांबीवर सारख्या असतात. बारीक पोस्टवर दोनच ठिकाणी झीज दिसते. वर कानांच्या पट्ट्यात एक चकचकीत कडं, आणि तळाशी पुढच्या किंवा मागच्या बाजूला एक चंद्रकोरीसारखा घासलेला डाग. वर पकड आणि खाली मोकळं, म्हणून ती प्रत्येक खड्ड्यात पुढे-मागे डुलत होती. 'कुठून तरी करकर आवाज येतो, पण सापडत नाही' अशी जी तक्रार असते, तिचं मूळही पुष्कळदा या चंद्रकोरीतच असतं.

माझ्या मामांच्या हिरव्या रोडस्टरमध्ये हे सगळं एकत्र पाहायला मिळालं. आधीच्या मेकॅनिकनं मूळचं गंजलेलं पिलर फेकून दुसऱ्या कुठल्यातरी सायकलचं बसवलं होतं. मामा म्हणत, "अरे, सीट आता जुनीच झालीय, ती बसणारच." सीट ठणठणीत होती. व्हर्निअर (बारीक माप घेणारा कॅलिपर) लावल्यावर पिलर २५.० मिलिमीटर निघालं आणि फ्रेम मागत होती २५.४. खाचेच्या वरच्या टोकाला दोन कानांच्या मध्ये जेमतेम पोस्टकार्ड गेलं असतं, आणि खालच्या टोकाला नाणं सहज उभं राहत होतं. योग्य मापाचं पिलर बसल्यावर तोच जुना बोल्ट साध्या पान्यानं आवळला आणि सीट जागची हललेली नाही.

इतकी मापं आलीच कुठून

हे समजून घेतलं तर अंदाज चुकत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

बहुतेक जुन्या स्टील फ्रेमच्या सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास एकच असतो, १ १/८ इंच म्हणजे २८.६ मिलिमीटर. आत किती जागा उरते हे नळीच्या पत्र्याच्या जाडीवर ठरतं. जाड, स्वस्त नळीचा पत्रा १/१६ इंच म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून ३.२ वजा करा, आत उरतात २५.४. म्हणजे बरोबर एक इंच. इंग्लंडमधल्या रॅलेच्या तीन गिअरच्या साध्या सायकलींना २५.४ ची पोस्ट लागते ती यामुळेच. पत्रा १.२ असेल तर आत २६.२ उरतात. ०.८ असेल तर २७.० उरतात आणि पोस्ट २६.८ ची लागते. चांगल्या दर्जाच्या नळ्या, उदाहरणार्थ इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीची १९३५ साली आलेली ५३१, वरच्या टोकाला ०.६ च्या आसपास पातळ केलेल्या असतात. तिथे आत २७.४ उरतात आणि पोस्ट येते २७.२ ची. रेसिंग सायकलींमध्ये २७.२ इतकं पसरलं ते या पातळ नळीमुळे.

पोस्ट आतल्या व्यासापेक्षा किंचित बारीक हवी, साधारण ०.१ ते ०.२, नाहीतर ती आत सरकणारच नाही. आणि बाजारात पोस्ट ०.२ च्या पायऱ्यांनी मिळतात. २६.४, २६.६, २६.८, २७.०, २७.२ अशा. त्यामुळे 'जवळपासचं चालेल' असं म्हणून एखादी पायरी गाळली की वर सांगितलेली झुकलेल्या कानांची खाच तयार.

फ्रेंच सायकलींचं गणित वेगळं. त्यांच्या जुन्या फ्रेममध्ये सीट ट्यूब इंचाची नसून २८.० मिलिमीटरची असायची. ०.६ मिलिमीटरनं सगळी मापं खाली येतात. प्यूजोच्या चांगल्या ५३१ च्या फ्रेमला पुष्कळदा २६.४ ची पोस्ट लागते, आणि त्याच कंपनीच्या जाड नळीच्या स्वस्त फ्रेमला चक्क २४.० ची. परदेशातून कोणी आणलेली प्यूजो तुमच्याकडे आली असेल तर इंचाचं माप गृहीत धरू नका. रॅलेची 'ट्वेंटी' ही छोट्या चाकांची सायकल दुसऱ्या टोकाला आहे. तिला २८.६ ची जाडजूड पोस्ट लागते. अमेरिकेत राहणाऱ्यांना जुनी श्विन सापडते, तिच्या वजनदार मॉडेलांत पोस्ट १३/१६ इंचाची, म्हणजे २०.६ मिलिमीटरची. जुन्या बीएमएक्समध्ये पुष्कळदा २२.२. यातली एकही दुसरीच्या जागी चालत नाही.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या-हिरव्या सायकली इंग्रजी घराण्यातल्या आहेत. १९४९ साली इंग्लिश भागीदारीत स्थापन झालेल्या मद्रासच्या टीआय सायकल्सनं हर्क्युलिस आणि फिलिप्स बनवल्या, आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. त्यामुळे इंचाची मापं, आणि त्यातही एक इंच, भरपूर सापडतं. पण एवढ्यावर विसंबून पोस्ट मागवू नका. पन्नास-साठ वर्षांत फ्रेम किती जणांच्या हातून गेली, नळी कितीदा ठोकली, कधी बदलली, हे बाहेरून कळत नाही. ॲटलस किंवा हिरो असं पुढच्या नळीवरच्या बिल्ल्यावर (हेडबॅजवर) लिहिलेलं असतं, सीट ट्यूबचं माप कुठेच लिहिलेलं नसतं. नव्वदच्या दशकातल्या स्टीलच्या माउंटन बाइकचंही तसंच आहे. एकाच ब्रँडच्या दोन मॉडेलांत दोन मापं निघतात.

मोजायचं कसं

व्हर्निअर कॅलिपर लागतोच. स्टीलची पट्टी किंवा शिवणकामाची टेप इथे कामाची नाही, ०.२ मिलिमीटर त्यांवर दिसत नाहीत. डिजिटल असेल तर जबडे पुसून, बंद करून शून्य येतंय का ते पाहा.

सायकलमध्ये असलेली पोस्ट मूळची असेल तर काम सोपं. तिच्या तळाच्या बाजूला किंवा किमान खोलीच्या रेघेजवळ माप कोरलेलं सापडतं का बघा, बहुतेक ॲल्युमिनियमच्या पोस्टवर असतं. मग न झिजलेल्या भागावर व्हर्निअर लावा, दोन दिशांनी. कोरलेलं माप आणि व्हर्निअर जुळले तर छान. पण त्यावरून फ्रेमचं माप ठरवण्याआधी खाचेची तपासणी केलीच पाहिजे. चुकीच्या पोस्टवरही माप सुबकच कोरलेलं असतं.

पोस्ट नसेल किंवा संशय असेल तर फ्रेम मोजायची. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं की व्हर्निअरचे आतले जबडे नळीच्या तोंडाशीच टेकवून माप घेतात. तोंडाशी तर कान वाकलेले असतात, ब्रेझिंगची उष्णता लागलेली असते, रंगाचा आणि गंजाचा थर असतो. तिथलं माप खोटंच येणार.

म्हणून क्रम असा ठेवा. बोल्ट पूर्ण बाहेर काढा. कान आत झुकलेले असतील तर ते आधी समांतर करून घ्या. त्यासाठी खाचेत जाड, सपाट पट्टी घालून अगदी थोडं थोडं फाकवा आणि प्रत्येक वेळी बघा. एका दमात ओढू नका, आणि रोज इकडून तिकडे वाकवण्याचा प्रयोगही करू नका, धातू थकतो. हे फक्त स्टीलच्या फ्रेमला चालतं. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमचे कान वाकले असतील तर ती कारागिराकडेच न्या. मग काठीला एमरी पेपर गुंडाळून नळी आतून फिरवून साफ करा, कापाच्या कडांना आत आलेली धार गोल कानशीनं घालवा, चिंधीनं पुसा. आता व्हर्निअरचे जबडे जातील तितके खोल घालून दोन मापं घ्या, एक पुढून-मागे आणि एक डावी-उजवीकडे. दोन्हींत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर नळी अंडाकृती झालेली आहे.

व्हर्निअरचे आतले जबडे फार खोल जात नाहीत, ही त्याची मर्यादा. कापाच्या खालची, म्हणजे खरी गोल नळी मोजायला टेलिस्कोपिक गेज लागतो. तो तुमच्या मेकॅनिककडे नसेल, पण चांगल्या लेथवाल्याकडे किंवा टूलरूममध्ये असतो. फ्रेम घेऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे. पिंपरी-चिंचवड, सातपूर, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींजवळ राहणाऱ्यांना तर हे अगदी सोपं.

हेही जमत नसेल तर शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची रीत म्हणजे प्रत्यक्ष पोस्ट घालून बघणं. जुन्या सायकलींच्या दुकानात वेगवेगळ्या पोस्टचा ढीग पडलेला असतो. व्हर्निअरनं मोजून त्यातल्या दोन-तीन जवळच्या मापांच्या निवडा. बोल्ट काढलेल्या फ्रेममध्ये, किंचित तेल लावून, एकेक घाला. बरोबर मापाची पोस्ट हाताच्या दाबानं, थोडी गोल फिरवत, सलग आत जाते. निम्मी आत गेल्यावर वरचं टोक धरून पुढे-मागे हलवा. टकटक लागली तर बारीक आहे, पुढची पायरी घ्या. हातोडी मागत असेल तर जाड आहे. हातोडी वापरू नका. आत जाणारी सगळ्यात जाड पोस्ट, तीच तुमची.

नेमकं माप मिळतच नाही, मग?

२५.४ आणि २७.२ मिळून जातात. २६.४, २६.६ किंवा २४.० साठी मात्र वणवण होते. पुण्यातला जुना बाजार, ओळखीच्या जुन्या सायकल दुकानांची अडगळ, ऑनलाइन विक्रेते, परदेशातून येणारे नातेवाईक, सगळं धुंडाळा. तरी नाही मिळाली, तर तीन मार्ग उरतात आणि तिन्हींची योग्यता सारखी नाही.

पहिला मार्ग म्हणजे शिम, बारीक पोस्टभोवती पातळ पत्रा. फरक ०.२ चा असेल तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनचा पत्रा चालतो. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि दोन्ही बाजूंनी मिळून व्यास ०.२ नं वाढतो. याहून चांगली पितळी शिम. ती ठरावीक जाडीच्या पत्र्यात मिळते, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानांत विचारा. पत्रा किती जाड घ्यायचा? हव्या असलेल्या फरकाच्या निम्मा. ०.४ वाढवायचे तर ०.२ चा पत्रा, एकच वेढा. दोन-तीन वेढे मारू नका, ते एकमेकांवर घसरतात.

शिम कापताना सगळे करतात ती चूक म्हणजे कानांपुरती दोन बोटांची पट्टी लावणं. त्यानं सरकणं थांबतं, पण तळाला पोस्ट मोकळीच राहते आणि डुलते. शिम निदान ८ ते १० सेंटिमीटर लांब हवी, आडव्या दांड्याच्या खालच्या कडेच्याही खाली जाणारी. वरच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरची कड बाहेर दुमडा, म्हणजे ती आत घसरणार नाही. शिमच्या दोन टोकांमधली फट फ्रेमच्या कापाशी बरोबर जुळवून ठेवा. फट दुसरीकडे गेली तर कान आवळताना शिमला मिटायला जागा उरत नाही.

फरक एक मिलिमीटरच्या पुढे असेल, समजा २५.४ ची पोस्ट २७.२ च्या फ्रेममध्ये, तर पत्र्याचे वेढे विसरा. लेथवर ॲल्युमिनियमची बाही करून घ्या, आत २५.४, बाहेर २७.२, एका बाजूनं उभी चिरलेली. प्रचलित मापांच्या अशा बाह्या तयारही मिळतात.

दुसरा मार्ग म्हणजे जाड पोस्ट लेथवर उतरवून घेणं. २७.२ ची ॲल्युमिनियम पोस्ट २६.८ ला आणायची तर तिच्या भिंतीतून ०.२ मिलिमीटर जातात. भिंत दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल तर हे ठीक आहे. आधी तळाकडून भिंतीची जाडी मोजा. लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. जिथे उतरवलेला भाग संपतो तिथे धारदार पायरी सोडायची नाही, उतार द्यायचा, आणि तो उतार फ्रेमच्या आत किंवा कानांच्या पकडीत येता कामा नये. पोस्ट तुटते ती अशा पायरीवरच. कार्बनच्या पोस्टवर हे काम कधीही करू नका.

तिसरा मार्ग म्हणजे फ्रेमच आतून मोठी करणं. याला माझा स्पष्ट विरोध आहे. रीमर (नळी आतून खरवडणारं हत्यार) गंज, रंग, ब्रेझिंगचा आत आलेला थेंब काढायला आहे. ०.८ मिलिमीटरच्या भिंतीतून ०.२ काढले की उरतात ०.६, आणि जिथे सगळ्यात जास्त ताण येतो तिथेच. '२६.८ मिळत नाही ना, २७.२ करून टाकू' असं कोणी म्हणालं तर सायकल उचला आणि घरी या.

जुनी पोस्ट निघतच नसेल

स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची पोस्ट वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय राहिली की दोन धातूंच्या मध्ये पाणी शिरून ॲल्युमिनियम गंजतं. तो पांढरा क्षार मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि पोस्ट अडकते. कोकणात, खाऱ्या हवेत, हे लवकर होतं.

बोल्ट काढा, कापात आणि पोस्टच्या कडेनं भेदक (पेनिट्रेटिंग) तेल सोडा, रात्रभर राहू द्या, पुन्हा सोडा. सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो त्या नळीच्या) बाजूनंही सोडता आलं तर उत्तम. मग जुनी सीट चढवून, ती धरून डावी-उजवीकडे पिळा. वर ओढण्याआधी ती फिरली पाहिजे. पोस्ट स्टीलची असेल तर बाहेरून नळी तापवण्यानं मदत होते. पोस्ट ॲल्युमिनियमची असेल तर ते उलटं पडतं, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. तिला थंड करावं लागतं. पोस्टच्या पोकळीत बर्फ भरा, आणि तेवढ्यात पिळा.

शेवटचा उपाय म्हणजे पोस्ट लगच्या वर कापून, हॅकसॉचं पातं आत घालून उभी चीर पाडत जाणं. वेळ लागतो, पण फ्रेम वाचते. कॉस्टिक सोड्यानं ॲल्युमिनियम विरघळवण्याची युक्ती फिरत असते. त्यातून हायड्रोजन निघतो, सोडा कातडी आणि डोळे जाळतो, रंगही जातो. घरी करू नका.

बसवताना

नवी पोस्ट घालण्याआधी लगच्या खालची नळी उजेडात धरून बघा. कापाच्या तळाला, मागच्या बाजूला, केसासारखी रेघ दिसली तर ती चीर असू शकते. नखानं खरवडून खात्री करा. चीर असेल तर कितीही अचूक पोस्ट घालून उपयोग नाही, आधी फ्रेम कारागिराला दाखवा.

बोल्ट नवा घ्या. जुन्याचे आटे ताणलेले असतात. कित्येक जुन्या बोल्टांच्या डोक्याखाली एक बारीक चोच असते, ती कानाच्या खाचेत बसली पाहिजे, म्हणजे आवळताना बोल्ट सोबत फिरत नाही. काही रोडस्टरमध्ये मागच्या चाकाकडे उतरणारे बारीक दांडेही याच बोल्टनं जोडलेले असतात. तिथे बोल्ट काढताना ते दांडे जागेवर धरून ठेवा आणि परत लावताना वायसर विसरू नका.

धातूच्या पोस्टला ग्रीस लावाच. ग्रीसमुळे सीट सरकेल अशी भीती पुष्कळांना वाटते. माप बरोबर असेल तर सरकत नाही, आणि सरकली तर माप चुकलंय हे कळतं. कार्बनच्या पोस्टला मात्र ग्रीस नको, तिच्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.

पोस्ट आत किती हवी, यावर तडजोड नाही. पोस्टवर किमान खोलीची रेघ असेल तर ती फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. रेघ नसलेल्या जुन्या पिलरला निदान ६५ मिलिमीटर आत ठेवा, आणि तळ आडव्या दांड्याच्या खालच्या कडेच्या खाली उतरलेला हवा. उंच माणसं जुन्या आखूड पिलरवर सीट वर वर घेत जातात आणि शेवटी तीन बोटं पिलर आत उरतं. त्यात लग चिरतो, आणि कधी चालत्या सायकलवर पोस्टच बाहेर येते. लांब पोस्ट घ्या. तिच्या खर्चाकडे बघू नका.

आवळताना साधा पाना, एका हाताचा जोर. नंतर सीटचं नाक आणि शेपूट दोन हातांत धरून पिळून बघा. पोस्ट फिरली नाही तर झालं. फिरली तर आणखी आवळण्याआधी पुन्हा खाच बघा.

पावसाळ्यासाठी एक काम करा. जुन्या ट्यूबचा दोन इंचांचा तुकडा कापून पोस्टवरून खाली, लग आणि काप झाकेल असा चढवा. मागच्या चाकानं उडवलेलं पाणी त्या कापातून थेट आत जातं आणि बॉटम ब्रॅकेटपर्यंत उतरतं, ते बंद होईल. दिवाळीच्या सुमारास पोस्ट एकदा बाहेर काढा, सायकल उलटी करून आत साठलेलं पाणी जाऊ द्या, पुसा, नवं ग्रीस लावा.

आणि मिळालेलं माप कायमचं लिहून ठेवा. पोस्टच्या तळाशी कोरून, आणि बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला ऑइल पेंटनं. पुढच्या वेळी तुम्हाला, किंवा तुमच्यानंतर ही सायकल चालवणाऱ्याला, दुकानात जाऊन थेट 'छब्बीस पॉइंट आठ द्या' म्हणता येईल.